कला शाखेतून आलात? सामान्य विज्ञानाची तयारी अशी करा

लातूर, नांदेड, परभणी, संभाजीनगर, कुठल्याही अभ्यासिकेत चक्कर मारा. इतिहासाचं पुस्तक रेघा मारून मारून फाटायला आलेलं असतं, राज्यघटनेची कलमं तोंडपाठ असतात आणि विज्ञानाचं पुस्तक मात्र आणलं तसं कोरं. विचारलं की उत्तर ठरलेलं: "सर, आमचं आर्ट्स आहे." मग परीक्षा महिन्यावर आली की हीच पोरं वन लायनरचं जाडजूड पुस्तक घेऊन घोकायला बसतात.

घोकून पूर्वी भागायचं. आता प्रश्न विधानांचे येतात. 'खालीलपैकी योग्य विधान किंवा विधाने निवडा' म्हटलं की पाठ केलेली एक ओळ पुरत नाही, त्यामागचं कारण माहीत असावं लागतं. आणि कारणांच्या बाबतीत खेड्यातून आलेली पोरं मागे नाहीत. ज्यानं मोटार जळताना पाहिली, बोअर आटताना पाहिलं, कपाशीवर बोंडअळी पाहिली, त्याच्या डोळ्यांसमोरून निम्मा अभ्यासक्रम आधीच गेलेला असतो. फक्त तो पुस्तकाच्या भाषेत मांडायचा राहिलेला असतो.

पहिलं काम: वही दोन भागांत

एमपीएससीच्या गट ब आणि गट क परीक्षांच्या अभ्यासक्रमात सामान्य विज्ञानाखाली पाच नावं दिसतात: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, आरोग्यशास्त्र. रेल्वेच्या गट ड परीक्षेत १०० पैकी २५ प्रश्न थेट सामान्य विज्ञानाचे असतात. पोलीस भरतीत ते सामान्य ज्ञानात मिसळून येतात. म्हणजे परीक्षा कुठलीही द्या, हा विषय टाळता येत नाही.

आधी आयोगाच्या संकेतस्थळावरून जुन्या प्रश्नपत्रिका आणि अंतिम उत्तरतालिका उतरवून घ्या. त्यातले फक्त विज्ञानाचे प्रश्न काढा आणि वहीत दोन गटांत लिहा. एका बाजूला समजलं की सुटणारे प्रश्न: माठातलं पाणी गार का होतं, घरातली जोडणी समांतर का असते. दुसऱ्या बाजूला पाठच करावे लागणारे: कुठल्या जीवनसत्त्वाचं रासायनिक नाव काय, कुठला रोग कुठल्या डासामुळे. हे वर्गीकरण क्लासच्या नोट्समधून घेऊ नका, स्वतः करा. ते करताना कोणता घटक वारंवार येतो हे आपोआप लक्षात येतं आणि निम्मी भीती तिथंच जाते.

पुस्तकं बालभारतीची, सहावी ते दहावी. सहावी, सातवी, आठवीचं सामान्य विज्ञान, नववीचं विज्ञान आणि तंत्रज्ञान, दहावीचे दोन्ही भाग. ई-बालभारतीवर सगळी फुकट मिळतात. सहावीचं पुस्तक हातात घ्यायला लाजू नका, तिथल्या साध्या व्याख्यांवरच विधानं फिरवून प्रश्न काढतात. ही पुस्तकं वाचून झाल्याशिवाय बाजारातला ठोकळा, म्हणजे सगळं एकत्र कोंबलेलं जाडजूड गाईड, विकत घेऊ नका.

वीज: सुरुवात शेतातल्या मोटारीपासून

भौतिकशास्त्र म्हटलं की पोरं सूत्रांना घाबरतात, म्हणून मी नेहमी मोटारीपासून सुरू करायला सांगतो. विहिरीवरची पाच एचपीची मोटार घ्या. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. पाच अश्वशक्ती म्हणजे ३७३० वॅट, म्हणजेच ३.७३ किलोवॅट. ही मोटार पूर्ण भारावर आठ तास चालली तर ३.७३ गुणिले ८, म्हणजे २९.८४ युनिट. साधारण ३० युनिट. घरातला १० वॅटचा एलईडी दिवा एक युनिट जाळायला १०० तास घेतो.

आता या एका हिशेबातून किती प्रश्न सुटतात ते बघा. युनिट म्हणजे किलोवॅट-तास, आणि ते शक्तीचं नव्हे, ऊर्जेचं एकक. हा फरक परीक्षेत हमखास विचारतात. शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर, तिचं एकक वॅट. एक वॅट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल. १००० वॅट गुणिले ३६०० सेकंद केलं की ३६ लाख ज्यूल, म्हणून एक युनिट बरोबर ३६ लाख ज्यूल. सूत्र पाठ न करता उत्तर आलं.

तिथून पुढे सरका. घरात एक दिवा गेला तरी बाकीचे चालू राहतात, कारण जोडणी समांतर असते आणि प्रत्येक उपकरणाला सारखाच, साधारण २३० व्होल्टचा विभवांतर मिळतो. फ्यूज मात्र एकसर, म्हणजे एकामागोमाग एक अशा जोडणीत असतो, कारण सगळा प्रवाह त्यातून गेला तरच तो वितळून मंडल तोडू शकतो. त्याची तार कमी वितळणांकाची. याउलट जुन्या दिव्यातला टंगस्टन सुमारे ३४०० अंश सेल्सिअसला वितळतो. इस्त्री आणि शेगडीत नायक्रोम, म्हणजे मुख्यतः निकेल आणि क्रोमिअमचं संमिश्र. विद्युतप्रवाह अँपिअरमध्ये, रोध ओहममध्ये, प्रभार कूलोममध्ये. अमीटर एकसर जोडतात, व्होल्टमीटर समांतर.

आणि वीज येते कुठून? परळी वैजनाथचं औष्णिक केंद्र घ्या. कोळशातली रासायनिक ऊर्जा, तिची उष्णता, उष्णतेनं वाफ, वाफेनं फिरणारं टर्बाइन म्हणजे यांत्रिक ऊर्जा, आणि जनित्रातून विद्युत ऊर्जा. ही साखळी क्रमानं लावा असा प्रश्न जुनाच आहे. जनित्र चालतं ते मायकेल फॅराडेनं १८३१ मध्ये दाखवलेल्या विद्युत चुंबकीय प्रवर्तनावर. दुष्काळात पाण्याअभावी परळीचे संच बंद ठेवावे लागले होते हे आपल्याकडे सगळ्यांना आठवतं. कोळशावरच्या केंद्राला पाणी कशाला लागतं याचं उत्तर त्याच साखळीत आहे: वाफ करायला, आणि त्याहून जास्त ती वाफ पुन्हा थंड करायला. पैठणला जायकवाडीच्या पायथ्याशी जलविद्युत केंद्र आहे. तिथं पहिली पायरी बदलते: पाण्याची स्थितिज ऊर्जा, मग गतिज, पुढे तेच जनित्र.

पाणी, हवा आणि मे महिना

विहिरीतलं पाणी खाली गेलं की मोटारही खाली उतरवावी लागते, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको. पण का? वर बसवलेला पंप पाणी ओढत नाही. तो नळीतली हवा काढतो आणि बाहेरचा वातावरणीय दाब पाणी वर ढकलतो. हा दाब ७६ सेंटिमीटर पाऱ्याचा स्तंभ पेलतो. पारा पाण्यापेक्षा १३.६ पट जड. ०.७६ मीटर गुणिले १३.६ म्हणजे साधारण १०.३ मीटर, चौतीस फूट. कितीही दांडगी मोटार लावा, याहून खोल पाणी वरून ओढता येत नाही, आणि प्रत्यक्षात तर सात-आठ मीटरनंतरच दम लागतो. म्हणून पाचशे फुटांच्या बोअरमध्ये सबमर्सिबल सोडतात. ती खालून ढकलते, ओढत नाही. पारा, दाबाचं एकक पास्कल, वायुदाबमापी आणि तो बनवणारा टॉरिसेली, सगळं या एका विहिरीत सापडतं.

उष्णतेचंही तसंच. माठाच्या छिद्रांतून झिरपलेलं पाणी बाष्प होताना उष्णता घेतं आणि आतलं पाणी गार होतं. हवा जितकी कोरडी, तितकं बाष्पीभवन जास्त. त्यामुळे कूलर मे महिन्यात बीडला जसा गारवा देतो तसा मुंबईला देत नाही. अवस्था बदलताना तापमान न वाढता शोषली जाणारी उष्णता म्हणजे अप्रकट उष्मा. आकडे दोनच लक्षात ठेवा: बर्फ वितळताना ग्रॅमला ८० कॅलरी, पाण्याची वाफ होताना ५४०. उकळत्या पाण्यापेक्षा वाफेनं जास्त का भाजतं, हे त्या ५४० मध्ये आलं. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून उत्कलनांक वाढतो, उंच डोंगरावर दाब कमी म्हणून उत्कलनांक उतरतो. पाण्याची घनता सर्वांत जास्त ४ अंश सेल्सिअसला, याला पुस्तकात पाण्याचं असंगत आचरण म्हणतात. सेल्सिअसचं फॅरनहाइट करायला ९ नं गुणा, ५ नं भागा, ३२ मिळवा: ४० अंश म्हणजे १०४. दोन्ही मापं उणे ४० ला सारखी होतात.

ध्वनी आणि प्रकाश यांत फार वेळ घालवू नका. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि ३४० नं गुणा. सहा सेकंद म्हणजे दोन किलोमीटर. ध्वनी निर्वात पोकळीतून जात नाही आणि स्थायूत सर्वांत वेगानं जातो. मोटारसायकलचा मागचं दाखवणारा आरसा बहिर्वक्र, हेडलाइटमधला आणि दंतवैद्याचा अंतर्वक्र. निकटदृष्टितेला अंतर्वक्र भिंग, दूरदृष्टितेला बहिर्वक्र. एवढं पक्कं असलं तरी बहुतेक प्रश्न निघतात.

रसायन: खताचं पोतं वाचा

घरात रिकामं पोतं असेल तर समोर ठेवा. १०:२६:२६ किंवा १८:४६:० असे आकडे दिसतील. पहिला आकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशचा, म्हणजे नायट्रोजन, फॉस्फरस आणि पोटॅशियम, सगळे शेकड्यात. १८:४६:० हे डीएपी, पालाश शून्य. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असूनही पिकाला तो थेट घेता येत नाही. सोयाबीन, तूर, हरभरा यांच्या मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू तो स्थिर करतात, म्हणून या पिकांना युरिया कमी लागतो. सोयाबीनचं एक रोप अलगद उपटून मुळं धुवा आणि गाठ नखानं फोडा. आत गुलाबी दिसली तर ती कामाला लागलेली आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा. पुस्तकातली आकृती दहा वेळा पाहूनही इतकं पक्कं होणार नाही.

आम्ल-आम्लारीसाठी हळद पुरे. वसमतची हळद काय नि दुकानातली काय, कपड्यावरच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, कारण साबण आम्लारीधर्मी आणि हळद हा नैसर्गिक दर्शक. लिटमसचा नियम: आम्लात निळा लिटमस तांबडा, आम्लारीत तांबडा निळा. सामू (पीएच) ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, वर आम्लारी. रक्ताचा सामू सुमारे ७.४.

बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि हीटरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे. बायकार्बोनेट असतील तर ती तात्पुरती कठीणता, उकळून जाते. क्लोराइड आणि सल्फेट असतील तर कायमची, ती धुण्याच्या सोड्यानं काढतात. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. या दोघांची अदलाबदल हा परीक्षकांचा जुना छंद. तुरटी गढूळपणा खाली बसवते, जंतू मारायला क्लोरीन लागतं. किनवटकडे पाण्यातल्या फ्लोराइडचा त्रास जुना आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. जास्त झालं की दातांवर डाग पडतात, हाडं वाकतात. ते काढायची तुरटी आणि चुन्याची नालगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेची.

साखर कारखान्याजवळ राहत असाल तर रस स्वच्छ करायला चुना, पांढरेपणासाठी सल्फर डायऑक्साइड, आणि उरलेल्या मळीपासून यीस्टच्या किण्वनानं इथेनॉल हा क्रम ध्यानात ठेवा. आंबे पिकवायला बंदी असलेलं कॅल्शियम कार्बाइड ओलाव्यात ॲसिटिलीन वायू सोडतं. फळ नैसर्गिकपणे पिकवणारं संप्रेरक मात्र इथिलीन. पर्यायांत दोन्ही देतात.

जीवशास्त्र: इथं पाठांतर चुकत नाही

गुण सर्वांत लवकर मिळतात ते इथं, आणि कला शाखेच्या पोरांना हा भाग जमतोही. पण जीवनसत्त्वांचा नुसता तक्ता भिंतीला चिकटवून काही होत नाही. प्रत्येकाला चार रकाने पाडा: रासायनिक नाव, स्रोत, अभावाचा रोग, विद्राव्यता. अ म्हणजे रेटिनॉल, रातांधळेपणा. ब१ थायमिन, बेरीबेरी. ब३ नायसिन, पेलाग्रा. ब१२ सायनोकोबालामिन, त्यात कोबाल्ट असतं आणि वनस्पतीजन्य आहारातून ते जवळपास मिळत नाही. क अस्कॉर्बिक आम्ल, स्कर्व्ही. ड कॅल्सिफेरॉल, मुडदूस. ई टोकोफेरॉल. के नसेल तर रक्त गोठत नाही. अ, ड, ई, के मेदात विरघळतात, ब आणि क पाण्यात. 'क' आणि 'के' वेगळे, घाईत गल्लत होते.

पेलाग्राशी आपल्या ज्वारीचा जुना संबंध आहे. फक्त ज्वारीवर राहणाऱ्या दख्खनच्या गरीब माणसांत हा रोग का दिसतो, याचा अभ्यास हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास केला. ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असतं आणि ते शरीरात ट्रिप्टोफॅनपासून नायसिन बनण्याच्या आड येतं, अशी त्यांची मांडणी होती. म्हणून भाकरी वाईट ठरत नाही. सोबत डाळ, दूध असलं की प्रश्न येत नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं 'परभणी शक्ती' हे ज्वारीचं वाण लोह आणि जस्त जास्त असणारं, जैवसंपृक्त म्हणून ओळखलं जातं. जैवसंपृक्त पिकं हा शब्द विधानांच्या प्रश्नांत येतो.

रोगांची यादी जंतूंच्या प्रकारानुसार लावा, वर्णानुक्रमे नको. क्षय, कॉलरा, विषमज्वर, धनुर्वात जिवाणूंचे. डेंग्यू, गोवर, रेबीज, कावीळ अ आणि ब विषाणूंचे. हिवताप आदिजीवाचा, गजकर्ण कवकाचं. गुरांचा लम्पी विषाणूजन्य, माणसाला होत नाही. हिवतापाला ॲनाफिलिसची मादी, डेंग्यूला एडिस, हत्तीरोगाला क्युलेक्स. तांबड्या पेशींचं आयुष्य सुमारे १२० दिवस. ओ निगेटिव्ह सर्वांना चालतं, एबी पॉझिटिव्हला सर्वांचं. रक्तगट शोधणारे कार्ल लँडस्टायनर, त्यांना नोबेल १९३० मध्ये.

सापांचंही बघून ठेवा. नाग आणि मण्यारचं विष चेतासंस्थेवर जातं, घोणस आणि फुरश्याचं रक्तावर. प्रतिविष घोड्याच्या रक्तातून मिळवलेल्या प्रतिपिंडांपासून बनवतात. बीटी कपाशीतलं बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीतला जिवाणू. भारतात तिला परवानगी २००२ मध्ये मिळाली.

चालू घडामोडींतलं विज्ञान

हा भाग वर्तमानपत्रातून आयता येतो, आणि मराठवाड्याच्या नावावर इथं बरंच काही आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया प्रकल्प होतोय. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये त्याला मंजुरी दिली. एल आकाराच्या, प्रत्येकी चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यातून लेझर, आणि मोजायच्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळात उठणारे तरंग. या लहरी पहिल्यांदा १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत टिपल्या गेल्या. त्यासाठी २०१७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल रेनर वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना मिळालं.

किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३. त्यावरून रिश्टर मापन समजून घ्या: एका अंकानं वाढ म्हणजे लहरींचा आयाम (लहरीची उंची) दहा पट आणि ऊर्जा सुमारे ३२ पट. भूकंप जिथं सुरू होतो ती भूकंपनाभी, तिच्या बरोबर वरचं भूपृष्ठावरचं ठिकाण अपिकेंद्र. प्राथमिक लहरी सर्वांत वेगवान, दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत. मराठवाड्यावर कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले तेव्हा विमानातून ढगांत जे फवारतात त्याची चर्चा घराघरात होती. त्यातलं परीक्षेचं नाव सिल्व्हर आयोडाइड. त्याच्या स्फटिकांची रचना बर्फाशी मिळतीजुळती असल्यानं ढगातल्या अतिथंड, म्हणजे शून्य अंशाखालीही द्रवच राहिलेल्या पाण्याला गोठायला आधार मिळतो.

वेळापत्रक आणि परीक्षेचा दिवस

रोज एक तास पुरतो. पहिले दोन महिने बालभारती, घटकवार. एक घटक वाचला की त्याच दिवशी त्यावरचे जुने प्रश्न सोडवा, नंतरवर टाकू नका. आठवड्यातून एकदा फक्त पाठांतराची बाजू, तीही दुसऱ्याला विचारून. अभ्यासिकेत दोघं-तिघं मिळून केलं तर बरं, पण चहाच्या टपरीवर नको. तिथं चर्चा कटऑफवरच जाते.

अनुत्तरित ठेवायचं की अंदाज लावायचा, याचा हिशेब घरीच करून जा. चुकीला पाव गुण कापत असतील आणि चारपैकी दोन पर्याय तुम्ही खात्रीनं बाद केले असतील, तर अशा दर प्रश्नामागे सरासरी ०.३७५ गुण हाती येतात, सोडवा. एकही पर्याय बाद होत नसेल तर सरासरी जेमतेम ०.०६, तिथं वेळ घालवू नका. एक तृतीयांश कापणाऱ्या रेल्वेच्या परीक्षेत हाच आंधळा अंदाज बरोबर शून्यावर येतो. निगेटिव्ह मार्किंग नसेल तर मात्र एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. जाहिरातीतला नियम दरवेळी नव्यानं वाचा. विज्ञानाच्या विधानांत 'फक्त', 'नेहमी', 'सर्व' असे शब्द दिसले की थांबून अपवाद आठवा. सर्व धातू स्थायू असतात, हे विधान एकट्या पाऱ्यानं चूक ठरतं.

परीक्षा झाल्यावर पहिली उत्तरतालिका येते, तेव्हा विज्ञानाचे प्रश्न त्याच संध्याकाळी ताडून पाहा. उत्तर चुकलंय असं वाटलं तर हरकतीसोबत ठोकळ्याचं पान जोडू नका, बालभारतीच्या पुस्तकाचं नाव, इयत्ता आणि पान क्रमांक द्या. काही परीक्षांत प्रत्येक हरकतीला शुल्क असतं आणि मुदत थोड्याच दिवसांची, तेव्हा ते पान आधीच खूण करून ठेवलेलं बरं.